चालती बाजू हाच नकाशा

या संवादातले मामा राळेगणसिद्धीचे. पारनेर तालुक्यातली पुष्कळ मुलं फौजेत जातात, तसे तेही गेले. जबलपूरच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात वायरलेस दुरुस्तीचं काम शिकले आणि निवृत्तीनंतर शेती बघायला गावी आले. भाची इलेक्ट्रिकलची डिप्लोमा इंजिनिअर. सुपे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती मेंटेनन्स बघते. वाद आहे तो मामांच्या घरातल्या जुन्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरवरून.

त्यावर कोणत्याही कंपनीचं नाव नाही, कारण तो असेंबल केलेला आहे. १९७० आणि ८०च्या दशकांत परदेशी यंत्रांवर जबर आयात शुल्क असायचं. कोलकात्यात १९७० साली सोनोडाइन सुरू झाली होती, मुंबईच्या कॉस्मिकचंही नाव होतं, पण ती यंत्रं प्रत्येकाच्या खिशाला झेपत नसत. मग हौशी मंडळी १९६९ साली सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकातून सर्किट उतरवून घेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून यंत्र उभं करत. असे ॲम्प्लिफायर महाराष्ट्रात ठिकठिकाणी माळ्यांवर पडून आहेत. त्यांना ना सर्व्हिस मॅन्युअल, ना सर्किटचा कागद. मामांच्या यंत्राची उजवी बाजू मुकी आहे, डावीत गाण्यामागे सतत गुणगुण येते, आणि आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. घरीच दुरुस्त करू, असं मामा म्हणतात. हे घरी करायचं काम नव्हे, असं भाचीचं म्हणणं. मला दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसतं. हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे, म्हणून तो वाद इथे सविस्तर मांडतो आहे.

भाची : मामा, मुळालाच हात घालते. हे धूड दुरुस्त कशासाठी करायचं? टीपीए३११६ या चिपचा तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. तळहातावर मावतो. तो क्लास-डी जातीचा, म्हणजे भर आवाजात घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतो. तुमच्या यंत्राची जात क्लास-एबी. तिची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. घरात आपण हळू आवाजात ऐकतो तेव्हा तर ती फारच खाली येते. उरलेली वीज हीट सिंक तापवण्यात जाते.

मामा : आकडे खरे आहेत. मुख्यमंत्री सौर कृषीवाहिनी योजनेचा प्रायोगिक प्रकल्प आपल्याच गावात उभा राहिला, तेव्हा विजेची किंमत इथे कुणाला सांगायला नको. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांड. संध्याकाळी तासभर ऐकलं तर हा छताच्या पंख्यापेक्षा जास्त वीज खाणार नाही. उलट हा ट्रान्सफॉर्मर, हे ॲल्युमिनियमचं हीट सिंक, ही सागवानी पेटी, यांत घातलेलं तांबं, लाकूड आणि मेहनत केव्हाच खर्ची पडलीय. नवा बोर्ड आणला की हे सगळं भंगारात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, ते चांगलेच आहेत. पण त्यांत मुख्य जबाबदारी उत्पादकाची. या यंत्राचा उत्पादक म्हणून कुणाला धरणार?

भाची : आणि आवाजाचं काय? जुन्या यंत्राचा आवाज गोड असतो असं सगळेच म्हणतात. मोजून कुणी दाखवत नाही.

मामा : मी तसं म्हणतच नाही. नवा बोर्ड नीट जोडला तर कदाचित याच्यापेक्षा स्वच्छ वाजेल. माझं म्हणणं वेगळं आहे. याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांत धरता येतो, एकेक सुटा करून तपासता येतो. बिघाड झाला तर तो कुठे झाला हे शोधता येतं. जी वस्तू अशी समजून घेता येते ती टाकून देऊ नये.

भाची : म्हणजे दुरुस्त करावा की नाही, हा आपला वाद नाहीच. मला जागेबद्दल बोलायचंय. दुरुस्तीच्या दुकानात द्या. रोज तेच काम करणारा माणूस असतो तिथे.

मामा : रोज करणारा आता भेटतो कुठे? दुकानांत बोर्ड बदलून मिळतो, पण बोर्डावरचा एक बिघडलेला भाग हुडकून तेवढाच बदलणारे हात कमी झालेत. केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या, एवढी क्षेत्रं धरली. हक्क मिळेल, कंपन्या माहितीही देतील. पण झाकण उघडून आत काय चाललंय ते वाचणारा माणूस नसेल तर त्या हक्काचं करायचं काय? तो माणूस घरातच तयार होतो. मासिकात सर्किट बघून ज्यांनी हे यंत्र बांधलं, तेही घरातच शिकले.

भाची : शिकले, आणि त्यांतल्या काहींनी शॉकही खाल्ले. मामा, कारखान्यात मी मोटारीचं झाकण उघडते तेव्हा आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावते, किल्ली खिशात ठेवते, मग मीटरनं वीज नसल्याची खात्री करते आणि नंतरच हात घालते. तुमच्या घरात यातलं काय होणार आहे? या यंत्राची पिन बघा. दोन पायांची. चॅसी लोखंडी. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जीर्ण झालं, किंवा आत येणारी वायर तुटून पत्र्याला टेकली, तर हा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर जाईल. बटणाला हात लावणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

मामा : त्यासाठीच आधी सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब यंत्राच्या मालिकेत जोडायचा. एलईडी चालत नाही. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर आतले कपॅसिटर भरले आणि मोठा शॉर्ट नाही असं समजायचं. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद. आत शॉर्ट आहे, पण बल्बनं करंट अडवल्यामुळे काही जळालं नाही. शिवाय पडून राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज देण्याऐवजी असं दमानं देणं बरं.

भाची : बल्ब यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. हे प्रत्येकाला ठणकावून सांगायला हवं. शंभर वॅटच्या बल्बमधून ०.४३ अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, म्हणजे ४३० मिलिअँपिअर. माणसाला धोका होण्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या वरचा करंट काही क्षण पुरतो. म्हणून तर घरातल्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर, ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. आणि तो आरसीसीबीसुद्धा सगळीकडे पावत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आलं, तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे एक बल्बच. तो पडणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूलाही त्याची राखण नाही.

मामा : पलीकडच्या बाजूला याच्यात ४० व्होल्टच्या आसपास डीसी आहे. हात कोरडा असेल तर ते जिवावर बेतत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असता तर गोष्ट निराळी. त्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट आणि त्याहूनही जास्त डीसी असतं, आणि वायर काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. ते यंत्र नवख्यानं उघडूच नये, हे मी आधीच मान्य करतो.

भाची : यातही साठतंच. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० व्होल्टला पावणेचार जूलच्या आसपास ऊर्जा धरून बसतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरनं त्याची दोन टोकं टेकवून ठिणगी काढतात. त्यात टोक वितळतं, कपॅसिटरही दुखावतो. पाच वॅटचा शंभरएक ओहमचा रेझिस्टर लावून तो सावकाश रिकामा करा आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबा. मामा, माझ्या अटी ऐकणार असाल तरच मी पुढे तुमच्यासोबत बसते.

मामा : सांग.

भाची : तीन पिनची नवी केबल, आणि तिची हिरवी वायर चॅसीला स्क्रूनं घट्ट, रंग खरवडून. घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का ते तपासायचं. पारनेर अवर्षणग्रस्त तालुका, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकली की तिचा विरोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालायचं. चालू यंत्रात मोजमाप करताना एकच हात आत, दुसरा पाठीमागे. घरात दुसरं माणूस हजर पाहिजे आणि मेन स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक पाहिजे. शेवटची अट म्हणजे, बदलायचा भाग कोणताही असो, पिन भिंतीतून काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवल्याशिवाय इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, हातात घ्यायची नाही.

मामा : सगळ्या मान्य. आता उघडूया.

झाकणाचे स्क्रू निघाले. आत धुळीचा मऊ थर. फ्यूज होल्डरमधल्या काचेच्या फ्यूजभोवती कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली होती. भाचीनं ती चिमट्यानं उचलून मामांसमोर धरली.

भाची : बघा. हीच घरची दुरुस्ती. फ्यूज उडाला, नवा मिळाला नाही, गाणं तर ऐकायचं होतं. या तारेनं पेटी पेटली असती.

मामा : हे चुकीचंच आहे, याची मी बाजू घेणार नाही. योग्य अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाकू. पण ही तार घरातच गुंडाळली गेली असं कशावरून? दुकानातही असं करतात. फ्यूज का उडाला, हे विचारलं गेलं नाही, तिथे चूक झाली. तो प्रश्न विचारणारा माणूस घरात असो की दुकानात, मला तोच हवा.

भाची : बरं, मग विचारा. उजवी बाजू का मुकी?

मामा : माझा संशय आउटपुटच्या ट्रान्सिस्टरवर. हे हीट सिंकवरचे चार धातूचे डबे बघ, २एन३०५५. आरसीएनं काढलेला हा ट्रान्सिस्टर ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅटचा. भारतात असेंबल केलेल्या अर्ध्याअधिक ॲम्प्लिफायरांत हाच सापडेल. एका बाजूला दोन्ही एनपीएनच वापरलेत, कारण त्याच्या जोडीचा पीएनपी महाग पडायचा. त्यांना ढकलणारे हे छोटे गोल डबे एसएल१०० आणि एसके१००. तपकीर गल्लीतून नवे २एन३०५५ आणून बदलू.

भाची : थांबा. संशयावर भाग बदलायचा नाही. बाजारात नकली २एन३०५५ खूप आहेत. वरून तसाच डबा, आत सिलिकॉनचा तुकडा मात्र इवलासा. चांगला काढून नकली बसवला तर यंत्र कायमचं कमजोर होईल. शिवाय या ट्रान्सिस्टरचा डबा हाच त्याचा कलेक्टर. डबा आणि हीट सिंक यांच्यामधला हा अभ्रकाचा पातळ पापुद्रा बघा. काढताना तो फाटला की व्होल्टेज थेट हीट सिंकवर येतं. आधी मोजा.

मामा : मोजायचं कशाच्या आधारानं? सर्किटचा कागद तर नाही.

भाची : कागद समोरच आहे, मामा. हा स्टीरिओ आहे. डावी आणि उजवी बाजू एकाच माणसानं, एकाच सर्किटवरून, त्याच भागांनी बांधलीय. डावी वाजतेय, म्हणजे प्रत्येक जागी किती व्होल्ट असायला हवेत हे डावी बाजू सांगते. जी जागा इकडे मोजाल, तीच तिकडे मोजा. फरक जिथे सुरू होतो, तिथे बिघाड.

त्यांनी तेच केलं. स्पीकर काढले, बल्बमधून वीज दिली. सप्लाय ३६ व्होल्टवर थांबला. अशा सर्किटात दोन आउटपुट ट्रान्सिस्टरांच्या मधल्या बिंदूवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट यावे लागतात, म्हणजे आवाजाची लाट वर आणि खाली सारखी हलू शकते. डाव्या बाजूला मीटरनं १८ दाखवले, उजव्या बाजूला जेमतेम २.

मामा : मधला बिंदूच खाली बसलाय. म्हणजे खालचा २एन३०५५ शॉर्ट.

भाची : तो शॉर्ट असता तर कोणत्याही दिशेनं मोजला तरी शून्याजवळ ओहम दाखवता. वीज काढून, कपॅसिटर रिकामा करून मोजा. दाखवतो का?

मामा : नाही. डाव्यासारखाच दाखवतोय.

भाची : मग मागे जा. आउटपुटकडून इनपुटकडे. वीज पुन्हा दिलीय, एकच हात आत. पहिल्या छोट्या ट्रान्सिस्टरच्या बेसवर डावीकडे साडेसोळा. उजवीकडे?

मामा : एक व्होल्टसुद्धा नाही. फरक इथूनच सुरू होतो. या बेसला सप्लायमधून रेझिस्टर विभागून व्होल्टेज देतात, आणि ते स्थिर राहावं म्हणून हा शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला जोडलाय. हा गळत असेल तर तो बेसचं व्होल्टेज जमिनीत ओढून नेणार. मग मधला बिंदू वर येणार कसा?

भाची : वीज काढा. त्याचा एकच पाय सोडवा आणि पुन्हा बघा.

एक पाय सुटला, आणि उजव्या बाजूचा मधला बिंदू १८ व्होल्टच्या जवळ येऊन स्थिरावला. चारही २एन३०५५ धडधाकट होते. बिघडला होता तो काही रुपयांचा कपॅसिटर.

मामा : पोरी, आपल्या गावात नेमकं हेच झालं होतं. अण्णा हजारे १९७५ साली फौजेतून गावी आले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि मग पाण्याचं काम हाती घेतलं. सरकारनं बांधलेला पाझर तलाव गावात होताच, पण तो गळायचा, पाणी टिकायचं नाही. लोकांनी दुसरा तलाव मागितला नाही. श्रमदानानं बांध दुरुस्त केला. त्या उन्हाळ्यात तलावाखालच्या सात विहिरींना पाणी राहिलं. विहिरींत दोष नव्हता, गळती वर होती. आपणही आत्ता ट्रान्सिस्टर बदलत बसलो असतो, गळती होती तिथेच राहिली असती.

भाची : दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूनं बोलतो. बांध कुणी एकट्यानं, रात्री, घरच्या घरी बुजवला नाही. अण्णा सासवडला जाऊन विलासराव साळुंखे यांचं पाणलोटाचं काम पाहून आले, जाणत्याकडून समजून घेतलं, मग गाव एकत्र राबलं. तुम्ही सुरुवातीला ट्रान्सिस्टर बदलायला निघाला होता. मी शेजारी नसते तर नकली २एन३०५५ बसवून, फाटक्या अभ्रकावर आवळून, पुन्हा फ्यूज उडवला असता.

मामा : हे मात्र खरं. जाणतं माणूस शेजारी असावं, हे मी मान्य करतो. पण ते शेजारी बसलं कुठे? घरात. दुकानात दिलं असतं तर बिल मिळालं असतं, ‘डावीकडून उजवीकडे मोजत जा’ हे मिळालं नसतं.

भाची : आता डाव्या बाजूची गुणगुण. कोणत्या सुराची आहे हे आधी कान देऊन ऐकायचं. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलाटा वापरतो, म्हणून सप्लायमधली लहर १०० हर्ट्झची होते. गुणगुण १०० हर्ट्झची असेल तर मुख्य फिल्टर कपॅसिटर सुकलाय. खालच्या सुरातली, ५० हर्ट्झची असेल, तर एखादा डायोड गेलाय किंवा इनपुटच्या वायरींनी वीज उचललीय.

मामा : वरच्या सुरातली आहे. आणि कपॅसिटरच्या डोक्याला फुगवटाही दिसतोय. ४७०० मायक्रोफॅरड असताना एक अँपिअर ओढला तर सप्लाय दोनेक व्होल्टनं हलतो. हा सुकून हजारावर आला असेल तर दहा व्होल्टनं हलत असणार. ते सगळं गाण्यात उतरतं.

भाची : तर मग सगळेच इलेक्ट्रोलायटिक बदला.

मामा : इथे मी अडणार. जे चांगलं आहे ते का काढायचं? जुनं यंत्र जतन करायचं म्हणजे ज्यानं बांधलं त्याचा हात त्यात दिसला पाहिजे. सगळं नवं घातलं तर मी नवाच ॲम्प्लिफायर बांधला. मग तुझा क्लास-डी काय वाईट?

भाची : हात ज्यात दिसतो ते राहू द्या. ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक, पेटी, वायरींची मांडणी, २एन३०५५, यांना कोण काढतंय? पण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो रबराच्या बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि हे सगळे गरम हीट सिंकच्या कुशीत बसलेत. मूळ माणसानं ८५ अंशांचे घातले कारण तेव्हा तेच मिळत. आज १०५ अंशांचे सहज मिळतात. त्याला मिळाले असते तर त्यानंही तेच घातले असते.

मामा : निदान मोजून तरी बदलू. जो किमतीला उतरला, गळतो किंवा फुगलाय, तो बदलू.

भाची : सप्लायचा आणि स्पीकरच्या वाटेवरचे दोन्ही बदलायचेच, तिथे तडजोड नको. स्पीकरच्या मालिकेतला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठ ओहमच्या स्पीकरला ९ हर्ट्झपर्यंतचे खर्ज सोडतो. तो सुकून दोनशेवर आला तर १०० हर्ट्झखालचं सगळं झडायला लागतं. पखवाज आणि तबल्याचा डग्गा गळपटतो आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो. शिवाय तोच कपॅसिटर सप्लायचा डीसी स्पीकरपर्यंत पोचू देत नाही. तो गेला तर स्पीकरही गेला. बाकीच्या छोट्यांचं तुमच्या म्हणण्याप्रमाणे मोजून ठरवू.

मामा : चालेल. व्होल्टचा आकडा मूळच्या इतका किंवा जास्त, आणि अधिक-उणेची बाजू दोनदा बघून. आणखी एक, एसएल१०० पुढे कधी गेलाच तर बीडी१३९ घालता येतो. पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा. एसएल१००मध्ये क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. बीडी१३९मध्ये कलेक्टर मधोमध. जुन्या भोकांत तसाच खोचला तर त्याच क्षणी जळेल.

भाची : हे लिहून ठेवा. आणि आवाजाच्या बटणाची खरखर?

मामा : आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि काजळी बसलीय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवायचं. शिलाई मशीनचं तेल घालायचं नाही. तेलानं दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धुळीचा चिखल होतो.

कपॅसिटर बदलले, सोल्डरचे सुकलेले जोड पुन्हा गरम करून चमकते केले, हात साबणानं धुतले, कारण जुन्या कथलात शिसं असतं. स्पीकर जोडून मामांनी गीतरामायणाची तबकडी लावली.

भाची : मामा, हे मोनो आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित झालं तेव्हा स्टीरिओचा प्रश्नच नव्हता. दोन बाजूंच्या यंत्रावर एका बाजूचं ध्वनिमुद्रण?

मामा : म्हणूनच लावलं. मोनो तबकडीसारखी परीक्षा दुसरी नाही. दोन्ही बाजूंना अक्षरशः एकच आवाज जातो. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील तर बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, स्वर दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो. एक बाजू जराशी कमी असली तर स्वर दुसरीकडे कलतो. ऐक. डावीकडे किंचित झुकलाय.

भाची : म्हणजे आवाजाच्या दुहेरी बटणातल्या दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या नाहीत. जुन्या कार्बनच्या बटणात असं असतंच. बॅलन्सनं सावरा. पण हळू आवाजात स्वराची कड फाटतेय का, तेही ऐका. फाटत असेल तर आउटपुट ट्रान्सिस्टरांना निवांत स्थितीत जो थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, तो कमी पडतोय. लाट एका ट्रान्सिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खाच पडते.

मामा : फाटत नाही. स्वच्छ आहे. आता सांग, घरी करायचं काम होतं की नव्हतं?

भाची : आपल्या दोघांना जमलं. तेवढ्यावरून हे प्रत्येक घरात व्हावं असं मी म्हणणार नाही. तुम्ही फौजेत शिकलात, मी कॉलेजात आणि कारखान्यात. एखादा दहावीतला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघून आजोबांचा ॲम्प्लिफायर उघडेल, त्याला बल्ब म्हणजे सुरक्षितता वाटेल. त्याचं काय? तुम्ही ‘घरी करा’ म्हणता, पण घर प्रत्येकाचं निराळं. कुठे अर्थिंग नाही, कुठे जाणतं माणूस नाही.

मामा : त्याला अडवून तो थांबणार नाही. आपण नाही सांगितलं तर तो व्हिडिओच त्याचा गुरू. त्यापेक्षा त्याला नीट शिकवलेलं बरं. आपल्या संत निळोबाराय विद्यालयानं इतरांनी नापास म्हणून टाकलेल्या मुलांना प्रवेश दिला आणि त्यांना उभं केलं. अशा शाळांत आठवड्याला एक तास दुरुस्तीचा का असू नये?

भाची : असावा. पण माझ्या क्रमानं. पहिलं वर्ष फक्त बारा व्होल्टच्या बॅटरीवर. एक छोटा स्टीरिओ ॲम्प्लिफायर मुलांनी बांधायचा, मास्तरांनी त्यातला एक भाग गुपचूप बिघडवायचा, आणि मुलांनी चालत्या बाजूशी ताडून तो शोधायचा. भाग बदलण्याआधी तीन ओळी लिहायच्या: काय मोजलं, काय असायला हवं होतं, म्हणून काय बिघडलं. ते ज्याला जमलं त्यालाच पुढच्या वर्षी भिंतीतल्या विजेजवळ यायची परवानगी.

मामा : आणि ज्यांची शाळा सुटून चाळीस वर्षं झाली त्यांना?

भाची : त्यांनाही तोच नियम. सिरीजचा बल्ब कशाला वाचवतो आणि कशाला वाचवत नाही, हे ज्याला न अडखळता सांगता येतं त्यानं झाकण उघडावं. बाकीच्यांनी सांगता येईपर्यंत शिकावं. तोवर यंत्र माळ्यावर राहू द्या. भंगारात मात्र देऊ नका.

मामा : एवढ्यावर आपलं जमलं. माझी एकच भर. आज मोजलेले सगळे व्होल्ट, डावे-उजवे शेजारी शेजारी, कोणता भाग काढला, कोणता घातला आणि आजची तारीख, हे एका कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवायचं. बांधणाऱ्यानं ठेवला नाही तो कागद आपण ठेवू. पुढे कधी दोन्ही बाजू एकदम मुक्या झाल्या, तर ताडून बघायला चालती बाजू उरणार नाही. तेव्हा उघडणाऱ्याच्या हाती तो कागद तरी असेल.